ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधला वैताग येतो कुठून?

हजारो लोकांनी एकाच वेळी, एकाच काल्पनिक जगात खेळायच्या रोल-प्लेइंग गेमना खेळाडू थोडक्यात ‘एमएमओ’ म्हणतात. या खेळांविषयीच्या तक्रारी थोड्या जरी ऐकल्या, तरी एक गोष्ट लक्षात येते: खेळ बदलला, कंपनी बदलली, तरी तक्रारी त्याच राहतात. ऐन लढाईत लॅग येतो, म्हणजे खेळाचा प्रतिसाद उशिरा मिळतो, आणि पात्र जागीच गोठते. नवा भाग प्रसिद्ध झाला की लॉगिनच्या रांगेतच संध्याकाळ संपते. शंभरदा बॉस, म्हणजे एखादा बलाढ्य शत्रू, मारूनही हवी ती तलवार पडत नाही, सोबतीला जखमा भरणारा हीलर मिळत नाही, बाजारातले भाव बॉटनी, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमनी, बिघडवलेले असतात, आणि कित्येक महिने खपून घडवलेले पात्र एका पॅचमध्ये, म्हणजे कंपनीने खेळात केलेल्या बदलात, कमजोर केले जाते. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला, तेव्हाचे खेळाडूही यांतल्या बहुतेक गोष्टींवर वैतागत होते. त्यानंतर संगणक आणि इंटरनेट कितीतरी पटींनी वेगवान झाले, पण तक्रारींची यादी जवळजवळ तशीच राहिली.

असे का होते हे समजून घ्यायचे, तर या त्रासांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. काही त्रास जग सामायिक असल्यामुळेच निर्माण होतात. एक जग, एक घड्याळ आणि मोजक्या वस्तू हजारो जणांत वाटून घ्यायच्या असल्या की ओढाताण होणारच. कंपनी ती कमी करू शकते, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकवू शकते, पण पूर्णपणे मिटवू शकत नाही. दुसऱ्या प्रकारचे त्रास मुद्दाम ठेवलेले असतात, कारण ते ठेवण्यात पैसा असतो. खेळाडूंचा राग बहुधा पहिल्या प्रकारावर निघतो आणि दुसरा प्रकार ते निमूटपणे सोसतात, किंबहुना त्यासाठी पैसेही मोजतात. माझ्या मते हे नेमके उलटे असायला हवे.

लॅग: अंतर आणि गर्दी

सुरुवात लॅगपासून करू, कारण सर्वांत जास्त शिव्या त्यालाच बसतात आणि त्याची कारणे सर्वांत कमी माहीत असतात. अशा खेळात खरे जग खेळाडूच्या संगणकावर नसते. ते कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आपल्या पडद्यावर त्याचे केवळ चित्र दिसते. आपण तलवार चालवण्याचे बटण दाबले की तसा संदेश सर्व्हरकडे जातो, घाव लागला की चुकला हे सर्व्हर ठरवतो, आणि निकाल आपल्याकडे परत येतो. या जाण्या-येण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर सहा हजार किलोमीटर दूर असेल, तर बारा हजार किलोमीटरच्या फेरीला किमान ६० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरपाशी थोडा वेळ जातो, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा बराच मोठा असतो. महागड्या इंटरनेट जोडणीमुळे फाइल लवकर उतरतात, पण त्यामुळे सर्व्हर जवळ येत नाही.

मग निकाल आपल्याच संगणकाला का ठरवू देत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. तसे केले, तर ‘माझा प्रत्येक घाव लागला आणि मला एकही लागला नाही’ असे सांगणारा संगणक बनवायला फसवणूक करणाऱ्यांना फार वेळ लागणार नाही. म्हणून अंतिम शब्द सर्व्हरचाच ठेवावा लागतो. मधला वेळ खटकू नये यासाठी आपला संगणक अंदाज बांधतो: तुम्ही पुढे जाण्याचे बटण दाबले म्हणजे सर्व्हर होकारच देईल असे गृहीत धरून तो पात्राला लगेच चालवू लागतो. अंदाज बरोबर ठरला, तर काहीच जाणवत नाही. तो चुकला, तर सर्व्हर पात्राला मूळ जागी खेचून आणतो. खेळाडू याला रबर-बँडिंग म्हणतात, आणि दोन पावले पुढे गेलेले पात्र झटक्यात मागे आलेले पाहून गेम बिघडला असे त्यांना वाटते. खरे तर त्या क्षणी जोडणीतला उशीर झाकण्याचा प्रयत्न तेवढा उघडा पडलेला असतो.

त्याशिवाय सर्व्हर जगाचा हिशेब सलग करत नाही, तो ठरावीक ठोक्यांनी करतो. या ठोक्याला टिक म्हणतात. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये एक टिक ०.६ सेकंदांचा असतो. दोन टिकांच्या मध्ये तुम्ही कितीही चपळाईने क्लिक केले, तरी जगाच्या दृष्टीने काही घडत नाही. तिथल्या मुरलेल्या खेळाडूंनी हा ठोकाच आत्मसात करून त्यावर आपले कौशल्य उभे केले आहे, हे मला त्या खेळातले सर्वांत गमतीचे वैशिष्ट्य वाटते.

गर्दीचा प्रश्न अंतरापेक्षा अवघड आहे. एका मैदानात दहा खेळाडू असतील, तर प्रत्येकाची हालचाल इतर नऊ जणांना कळवावी लागते, म्हणजे दर टिकला ९० संदेश. खेळाडू शंभर झाले की संदेश ९,९०० होतात आणि हजार झाले की ९,९९,०००. लोक शंभर पटींनी वाढले, पण काम दहा हजार पटींहून अधिक वाढले. त्यामुळे दुप्पट ताकदीचा सर्व्हर आणला म्हणून दुप्पट खेळाडू एका जागी मावत नाहीत. उपाय आहेत, पण त्यांतला प्रत्येक उपाय सामायिकपणाचा थोडा तुकडा तोडतो. फक्त जवळच्या खेळाडूंच्या हालचाली कळवल्या, तर दूरचे सैन्य अचानक समोर उगवल्यासारखे दिसते. जगाच्या अनेक प्रती करून लोक त्यांत वाटले, तर एकाच चौकात उभे असलेले दोन मित्र एकमेकांना दिसत नाहीत, कारण ते त्या चौकाच्या दोन वेगळ्या प्रतींमध्ये असतात.

‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळाने तिसरा मार्ग निवडला. तिथे जवळजवळ सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात, आणि लढाई फार मोठी झाली की त्या भागातले घड्याळच संथ केले जाते. वेळ मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. जानेवारी २०१४ मध्ये एका सूर्यमालेच्या ताब्याचे देणे ठरल्या वेळी चुकते न झाल्याने तिथे एक लढाई पेटली. तिच्यात साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले, ती जवळजवळ एकवीस तास चालली, आणि टायटन प्रकारची ७५ अवाढव्य जहाजे नष्ट झाली. दहा सेकंदांत एका सेकंदाचे काम, अशा गतीने लोक रात्रभर लढत होते. हाही लॅगच आहे, फक्त तो सर्वांच्या वाट्याला सारखा येतो आणि कोणाचा हुकूम वाटेत हरवत नाही. माझ्या दृष्टीने या प्रश्नाचे यापेक्षा प्रामाणिक उत्तर कोणत्याही खेळाने दिलेले नाही.

लॉगिनच्या रांगेचे गणितही असेच आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला तेव्हा रांगा लागल्या, सप्टेंबर २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ आला तेव्हाही लागल्या. ‘आधीच जास्त सर्व्हर का आणत नाहीत?’ हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. पण पहिल्या आठवड्यातली गर्दी टिकत नसते. तिच्या मापाने सर्व्हर उघडले, तर काही महिन्यांनी ते ओस पडतात, आणि ओस पडलेल्या जगात ना टोळी जमते ना बाजार चालतो. ‘न्यू वर्ल्ड’ने घाईघाईने सर्व्हर वाढवले आणि पुढे खेळाडू घटल्यावर ते एकमेकांत विलीन करण्याची वेळ आली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘फायनल फँटसी १४’चा ‘एंडवॉकर’ हा भाग आला, तेव्हा सेमीकंडक्टरच्या टंचाईमुळे नवे सर्व्हर मिळेनात. कंपनीने खेळाची विक्रीच काही काळ थांबवली आणि खेळाडूंना भरपाई म्हणून मोफत दिवस दिले. अशा वेळी रांग आणखी लांबवण्यात खेळाडूंचाही हात असतो, कारण एकदा आत शिरलेला माणूस पुन्हा रांगेत उभे राहण्याच्या धास्तीने खेळत नसतानाही बाहेर पडत नाही.

दुसरी माणसे

सोबत मिळण्याची अडचण भूमिकांच्या वाटणीतून येते. बहुतेक खेळांत लढाईची कामे तिघांत वाटलेली असतात: शत्रूचा मार अंगावर घेणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि शत्रूचे नुकसान करणारे बाकीचे, म्हणजे डीपीएस. पाच जणांच्या टोळीत साधारणपणे एक टँक, एक हीलर आणि तीन डीपीएस लागतात. समजा, रांगेतल्या शंभर जणांत दहा टँक, पंधरा हीलर आणि पंचाहत्तर डीपीएस आहेत. टँक दहाच असल्याने टोळ्याही दहाच बनतील, त्यांत तीस डीपीएस जातील आणि पंचेचाळीस डीपीएस व पाच हीलर ताटकळत राहतील. सर्व्हर कितीही वेगवान असला, तरी यात फरक पडत नाही.

टँक आणि हीलर कमी का असतात, याचे कारण उघड आहे. डीपीएसची चूक बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. टँक चुकला, तर पाचही जण मरतात आणि कोणामुळे मेले हे सर्वांना कळते. जिथे चूक चारचौघांत दिसते, ते काम घ्यायला माणसे कचरतात. कित्येक खेळ टंचाई असलेल्या भूमिकेला जास्त बक्षीस देतात आणि त्याचा थोडाफार उपयोगही होतो, मात्र अपमानाची भीती बक्षिसाने पुरती जात नाही.

डिसेंबर २००९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या खेळाडूंची आपोआप टोळी जमवणारी सोय आणली. प्रतीक्षा कमी झाली, हे निर्विवाद. पण त्यापूर्वी टोळी आपल्याच सर्व्हरवरच्या लोकांची असे. जो माणूस लूट घेऊन पळाला किंवा अद्वातद्वा बोलला, त्याचे नाव पसरत असे आणि पुढे त्याला कोणी सोबत घेत नसे. आता टोळीतली माणसे पुन्हा कधी भेटणार नव्हती. उद्धटपणाची किंमत शून्य झाली आणि सभ्यपणाचा फायदाही शून्य झाला. हल्लीच्या खेळांतली माणसे वाईट झाली आहेत, ही तक्रार मला पटत नाही. माणसे तीच आहेत, फक्त त्यांना एकमेकांची ओळख ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

माणसांच्या अपेक्षाही एकमेकींना छेद देतात. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हे केवळ मजकुरावर चालणारे पहिले सामायिक जग रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी बनवले. त्यांपैकी बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कमाई करत वर चढू पाहणारे, जग धुंडाळणारे, गप्पा आणि ओळखी यांसाठी येणारे, आणि इतरांवर कुरघोडी करण्यात आनंद मानणारे. हे चौघेही एकाच जगात असतात, आणि चौथ्याचा आनंद बहुतेक वेळा तिसऱ्याच्या मनस्तापातून येतो. ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये नवख्या खेळाडूंना वाटेत गाठून मारण्याचे प्रकार इतके वाढले की २००० साली जगाचे दोन भाग करावे लागले. एका भागात खेळाडूला संमतीशिवाय मारता येत नव्हते, दुसऱ्यात पूर्वीचेच नियम राहिले. बहुसंख्य लोक सुरक्षित भागात गेले, आणि मागे उरलेले मारेकरी आता मारायला कोणी उरले नाही म्हणून कुरकुरू लागले.

नशीब, वेळ आणि पैसा

वस्तू न पडण्याच्या तक्रारीत गणिताचा एक गैरसमज दडलेला असतो. एखादी वस्तू पडण्याची शक्यता १ टक्का आहे असे कळले की शंभर वेळा बॉस मारल्यावर ती मिळायलाच हवी, असे मन धरून चालते. प्रत्यक्षात प्रत्येक वेळचा फासा स्वतंत्र असतो आणि मागच्या अपयशांची नोंद त्याच्याकडे नसते. शंभर प्रयत्नांनंतरही वस्तू न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, म्हणजे तिघांपैकी एकाहून अधिक जण रिकाम्या हाताने उरतात. तीनशे प्रयत्नांनंतरही जवळजवळ ५ टक्के लोकांना ती मिळालेली नसते. एक लाख लोक तिच्या मागे असतील, तर त्यांतले सुमारे ४,९०० जण तीनशेदा प्रयत्न करून वंचित राहतील, आणि साहजिकच सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असेल. निम्म्या लोकांना ती एकोणसत्तराव्या प्रयत्नाच्या आतच मिळालेली असते. ते लोक बोलत नाहीत, पुढच्या वस्तूच्या मागे लागलेले असतात.

हा त्रास कमी करणे तसे सोपे आहे. ठरावीक अपयशांनंतर शक्यता वाढवत न्यायची किंवा वस्तू हमखास द्यायची, याला खेळाडू पिटी म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक विजयाला एक टोकन द्यायचे आणि पुरेशी टोकने जमली की ती वस्तू विकत घेऊ द्यायची. एवढे सोपे उपाय असूनही ते सगळीकडे दिसत नाहीत, याचे कारण वेळेच्या हिशेबात सापडते.

नवा प्रदेश, नवे बॉस, नव्या कथा तयार करायला मोठ्या चमूला कित्येक महिने लागतात आणि हौशी खेळाडू ते सारे आठवड्याभरात संपवतात. वर्गणी मात्र दर महिन्याला हवी असते. ही दरी भरून काढायची, तर खेळाडूची गती कमी करावी लागते, आणि तीच तीच कामे पुन्हा पुन्हा करायला लावणारा ग्राइंड तिथूनच जन्माला येतो. आठवड्यातून एकदाच मारता येणारे बॉस आणि रोज नव्याने उगवणारी छोटी कामे हीदेखील त्याचीच रूपे आहेत. इथे अटळ त्रास आणि मुद्दाम ठेवलेला त्रास यांच्यातली सीमारेषा धूसर होते. मजकूर तयार होण्याचा वेग ही खरी मर्यादा आहे. पण एक दिवस चुकला तर मागे पडाल, अशी भीती घालून माणसाला रोज लॉगिन करायला लावणे ही मर्यादा नसून निवड आहे.

मांडणीने किती फरक पडतो, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीच्या काळात बराच वेळ सलग खेळणाऱ्याला अनुभवाचे गुण कमी मिळू लागत. खेळाडूंना ती शिक्षा वाटली आणि ते संतापले. मग कंपनीने तीच गोष्ट उलटी मांडली: कमी झालेल्या गुणांना ‘सामान्य’ म्हटले आणि विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण मिळतील असे जाहीर केले. हिशेब जवळजवळ तोच राहिला, पण तक्रार थांबली.

खेळातल्या पैशाचे दुखणे असे, की तिथे प्रत्येक राक्षस ही एक टांकसाळ असते. तो मेला की शून्यातून नाणी तयार होतात. या खेळांच्या अर्थकारणात पैसा आत येण्याच्या वाटांना नळ आणि बाहेर जाण्याच्या वाटांना मोरी समजावे: शस्त्रदुरुस्तीचा खर्च, लिलावातली कपात, महागडे घोडे या सगळ्या मोऱ्या. हजारो खेळाडू रात्रंदिवस नळ सोडून बसले आणि मोरी अपुरी पडली की भाव चढतात. जुन्या खेळाडूंना त्याचे काही वाटत नाही, नवख्याला मात्र साधी ढालही परवडत नाही.

या नळावर बॉट बसतात. माणसाऐवजी प्रोग्रॅम दिवसरात्र राक्षस मारतो, त्याचा मालक जमलेली नाणी खऱ्या पैशांना विकतो, आणि बऱ्याचदा या व्यवहारांत चोरलेली क्रेडिट कार्डे वापरली जातात. ‘रूनस्केप’ने या धंद्याला आळा घालण्यासाठी डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये खेळाडूंमधला मुक्त व्यापार आणि वाइल्डरनेस या भागातल्या लढाया बंद केल्या. धंद्याला खीळ बसली, पण मित्राला भेट म्हणून काही मोलाचे देणेही अशक्य झाले आणि असंख्य खेळाडू नाराज झाले. खेळाडूंचे मत घेऊन २०११ मध्ये दोन्ही गोष्टी परत आणाव्या लागल्या. मार्च २०२२ मध्ये ‘लॉस्ट आर्क’ने दहा लाखांहून अधिक बॉट खाती एका फटक्यात बंद केली. या दोन्ही उदाहरणांतून दिसते की कंपन्या बॉटकडे दुर्लक्ष करतात हा आरोप सरसकट खरा नाही. कडक उपायाचा मार प्रामाणिक खेळाडूलाही बसतो, म्हणून त्यांचा हात आखडतो.

काही कंपन्यांनी तडजोडीचा मार्ग काढला आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’मधले प्लेक्स किंवा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०१५ साली आलेले टोकन कंपनीकडून खऱ्या पैशांत घेता येते आणि खेळात नाण्यांना विकता येते, ज्याच्याकडे वेळ आहे तो नाणी देऊन आपली वर्गणी भागवतो. चोरट्या बाजाराचे गिऱ्हाईक त्यामुळे कमी होते. मात्र पैसे देऊन नाणी घेणे चूक आहे, हे म्हणण्याचा कंपनीचा अधिकारही त्याच दिवशी संपतो.

मुद्दाम ठेवलेला त्रास

त्रास अटळ आहे की पेरलेला, हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: त्या त्रासावरचा उतारा त्याच खेळाच्या दुकानात विकायला ठेवलेला आहे का? पिंग कमी करण्याची पुडी खेळाची कोणतीही कंपनी विकत नाही, कारण ते तिच्या हातात नाही. पण पिशवी मुद्दाम लहान ठेवून वाढीव कप्पे विकणे, प्रवास मुद्दाम संथ ठेवून वेगवान घोडा विकणे, शस्त्र मजबूत करताना ते मोडण्याची शक्यता ठेवून मग न मोडण्याची हमी विकणे, हे सर्व तिच्या हातात असते. लहान पिशवीमागे सहसा तांत्रिक सबब नसते.

नशिबाचा खेळ पैशांना जोडला की प्रकरण गंभीर होते. आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पेटी, म्हणजे लूट बॉक्स, विकणाऱ्या खेळांना २०१७ पासून चीनमध्ये शक्यतेचे आकडे जाहीर करावे लागतात. बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने २०१८ मध्ये काही खेळांतल्या अशा पेट्या जुगारात मोडतात असा निष्कर्ष काढला. सर्वांत बोलके प्रकरण दक्षिण कोरियाचे आहे. तिथल्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये ‘मेपलस्टोरी’च्या नेक्सॉन या कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड ठोठावला, कारण पात्राची साधने सुधारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘क्यूब’मधून चांगले गुण मिळण्याची शक्यता खेळाडूंना न सांगता कमी केली गेली होती, आणि गुणांच्या काही लोकप्रिय जोड्या तर येऊच शकत नव्हत्या. लोक आपल्या नशिबाला बोल लावत पुन्हा पुन्हा क्यूब घेत होते, आणि फाशावर तो आकडाच नव्हता. त्याच वर्षीच्या मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले.

पेरलेला त्रास काढूनही टाकता येतो. ‘डायब्लो ३’ हा काटेकोरपणे एमएमओ नव्हे, पण त्यात २०१२ मध्ये खऱ्या पैशांचा लिलाव-बाजार होता. राक्षस मारून वस्तू मिळवण्यापेक्षा बाजारात जाऊन ती घेणे सोपे झाले आणि खेळाचा गाभाच पोखरला गेला. कंपनीने ते स्वतःच मान्य केले आणि मार्च २०१४ मध्ये तो बाजार बंद केला.

पॅच, आणि मग कुलूप

राहिला पॅचचा प्रश्न. सामायिक जगात एखादे पात्र इतरांपेक्षा फार बलवान ठरले, तर टोळ्या फक्त तेच पात्र मागू लागतात आणि बाकीचे बाहेर बसतात. म्हणून त्याला कमजोर करणे, ज्याला खेळाडू नर्फ म्हणतात, कधी ना कधी भाग पडते. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र दुरुस्ती आणि उलथापालथ यांत फरक असतो. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ने नोव्हेंबर २००५ मध्ये तीसहून अधिक व्यवसायांची जुनी रचना मोडून केवळ नऊ व्यवसाय ठेवले. नवे खेळाडू यावेत म्हणून हे केले होते. अपेक्षेइतके नवे आले नाहीत, आणि आपले कष्ट एका रात्रीत निरर्थक झालेले पाहून जुने निघून गेले. डिसेंबर २०११ मध्ये तो खेळ बंद पडला. उलट २०१० मध्ये सपशेल फसलेल्या ‘फायनल फँटसी १४’चे जग कथेतच प्रलय घडवून नष्ट केले गेले आणि २०१३ मध्ये नव्याने उभारले गेले, तिथे खेळाडूंनी उलथापालथ स्वीकारली, कारण मोडले जात होते ते त्यांनाही नकोसेच झाले होते.

आणि जग सर्व्हरवरच असल्यामुळे सर्व्हर बंद झाला की सगळेच संपते. वस्तू, पात्र, नाव यांपैकी काहीही खेळाडूच्या मालकीचे नसते. सुरुवातीला न वाचता मान्य केलेल्या करारात तसे लिहिलेले असते. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सिटी ऑफ हीरोज’ बंद झाला तेव्हा खेळाडूंनी निषेध केला, पण त्यांच्या हातात कायदेशीर काहीच नव्हते. काही जणांनी मात्र तो खेळ गुपचूप स्वतःच्या सर्व्हरवर चालवत ठेवला होता. २०१९ मध्ये हे उघड झाल्यावर आधी खेळाडूंमध्येच मोठा वाद झाला, मग सर्वांना खुले असे सर्व्हर उभे राहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांपैकी ‘होमकमिंग’ या सर्व्हरला अधिकृत परवाना दिला.